तलावात बोट चालवताना: तरंगता कचरा, ओंडके आणि पाण्यातले जीव

बोट शिकवणारे वळण कसं घ्यायचं, धक्क्याला कसं लावायचं, हे नीट शिकवतात. पण समोर पाण्यावर काहीतरी काळं तरंगताना दिसलं तर काय करायचं, हे बहुतेक जण धडक बसल्यावरच शिकतात. मीही तशीच शिकले. तुमची पहिलीच फेरी असेल, तर हा लेख वाचून मगच निघा.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. दुरून ओंडका आणि मगर सारखेच दिसतात. कचऱ्याचा ढीग आणि घरटं सारखंच दिसतं, पिशवी आणि कासवाची पाठही सारखीच दिसते. म्हणून तरंगणारी वस्तू काय आहे हे कळेपर्यंत ती जिवंत आहे असं धरून चाला. वेग कमी करा, नीट पाहा आणि मगच वाट ठरवा. वस्तू निर्जीव निघाली तरी तुमचं नुकसान काहीच नाही, उलट मोटारीचा पंखा वाचतो.

## १. निघण्यापूर्वी काय जवळ हवं

कागदपत्रं: बोटीची नोंदणी, विमा, तलावात बोट नेण्याची परवानगी आणि जिथे लागतो तिथे चालवण्याचा परवाना. सगळ्यांच्या प्रती पाणी न शिरणाऱ्या पाकिटात ठेवा. खोली दाखवणारा तलावाचा नकाशा मिळाला तर तोही घ्या. पक्ष्यांच्या विणीच्या काळात तलावाचा काही भाग बंद असतो का, ते आधीच विचारून घ्या. बचाव पथकाचा आणि वन्यजीव मदत केंद्राचा नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण फोन भिजतो.

सामान:

- प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट, आणि तेही अंगात घातलेलं
- मोटार असली तरी दोन वल्ही
- टोकाला आकडा असलेली लांब काठी
- दातेरी पात्याचा चाकू, बोटीला दोरीने बांधलेला
- पक्कड, पंख्याच्या नटाचा पाना, जादा शिअर पिन (धडकेत स्वतः तुटून गिअर वाचवणारी) आणि कॉटर पिन (नट जागेवर अडकवून ठेवणारी)
- जाड हातमोजे आणि एक जुना मोठा टॉवेल
- नांगर आणि पुरेसा लांब दोर
- पाणी उपसायला डबा, शिट्टी, टॉर्च
- पाण्यावरची चमक मारणारा पोलराइज्ड गॉगल आणि दुर्बीण
- कचऱ्यासाठी एक पोतं

नवखे लोक यातला नांगर आणि टॉवेल हमखास घरी ठेवतात. पंख्यात काही अडकून इंजिन बंद करावं लागलं की वारा बोटीला नको तिकडे ढकलत नेतो. तेव्हा नांगर टाकला तरच शांतपणे काम करता येतं. टॉवेलचं काम पुढे येईल.

## २. काठावर उभं राहून पाणी वाचा

बोट पाण्यात सोडण्याआधी दहा मिनिटं काठावर थांबा आणि चार गोष्टी पाहा.

पहिली, पाऊस. जोराच्या पावसानंतर नदी आणि ओढे फांद्या, बुंधे, बाटल्या असं सगळं तलावात आणून टाकतात. पाऊस थांबला तरी हे वाहून येणं पुढे काही दिवस चालतं. त्या दिवसांत नदीच्या मुखाजवळून जाऊच नका.

दुसरी, पाण्याची पातळी. धरणामागच्या जलाशयात ही फार महत्त्वाची. पातळी चढली की काठावर सुकत पडलेले ओंडके उचलले जाऊन तरंगायला लागतात. उतरली की तळातले खुंट पृष्ठभागाजवळ येतात. घानामधला व्होल्टा जलाशय १९६५ मध्ये अकोसोम्बो धरणामुळे तयार झाला, तेव्हा त्याखालची बरीचशी झाडं न तोडताच पाणी भरलं गेलं. त्या बुडालेल्या झाडांवर आदळून तिथे कितीतरी बोटी उलटल्या आहेत आणि माणसं गेली आहेत. आपला जलाशय कितीही लहान असला तरी धोका तोच.

तिसरी, वाऱ्याची दिशा. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे कचरा गोळा होतो. निघण्याचा धक्का त्याच बाजूला असेल तर पहिली शंभर-दोनशे मीटर वल्ह्यांवर जाणं शहाणपणाचं.

चौथी, फेसाच्या रेघा. ही मला सगळ्यात उशिरा कळली आणि तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडली. वारा थोडा जोराचा, म्हणजे साधारण ताशी १० ते १२ किलोमीटरच्या वर असला, की पाण्यावर वाऱ्याच्या दिशेने लांबच लांब समांतर पट्टे दिसतात. त्यांत फेस, पानं, काटक्या अडकलेल्या असतात. आयर्विंग लँगम्युअर या रसायनशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडताना समुद्रशेवाळाच्या अशा रांगा पाहिल्या. मग त्याने अमेरिकेतल्या लेक जॉर्ज तलावात प्रयोग केले आणि १९३८ मध्ये त्यामागचं कारण मांडलं. वाऱ्यामुळे वरच्या थरातलं पाणी लांबट नळकांड्यांसारखं गोल फिरतं आणि शेजारची दोन नळकांडी उलटसुलट दिशांनी फिरतात. जिथे दोघांचं पाणी एकत्र येऊन खाली जातं, तिथे तरंगणाऱ्या वस्तू मागे राहतात आणि त्यांची रेघ बनते.

याचा उपयोग असा. काटक्या ज्या रेघेत आहेत, ओंडकाही बहुधा त्याच रेघेत असतो. वाऱ्याच्या दिशेने किंवा त्याविरुद्ध जाताना दोन रेघांच्या मधल्या स्वच्छ पट्ट्यातून चला. आडवं जावं लागलं तर प्रत्येक रेघ ओलांडताना वेग उतरवा. पाखरंही खाणं शोधत याच रेघांवर येतात, त्यामुळे सावध राहण्याचं कारण दुप्पट.

## ३. वेग आणि नजर

ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. लाटांमध्ये अर्धा बुडालेला ओंडका ४० मीटरवरून दिसला, तर तुमच्या हातात चार सेकंद असतात. त्यातच बघायचं, ओळखायचं आणि वळायचं. वेग निम्मा केला की वेळ दुप्पट मिळतो आणि धडक बसलीच तर तिचा जोर एक चतुर्थांशावर येतो.

बोटीत दुसरं कोणी असेल तर त्याला पुढे बसवा आणि फक्त पाण्याकडे बघायचं काम द्या. खुणा आधीच ठरवा. हात डावीकडे म्हणजे वस्तू डावीकडे आहे, की बोट डावीकडे घ्यायची, यावरून ऐन वेळी घोटाळा होतो. आम्ही नेहमी वस्तूकडेच बोट दाखवतो.

सूर्य समोर असताना आणि संधिप्रकाशात वेग आणखी उतरवा. इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवीच. ओंडक्यावर आदळून चालवणारा पाण्यात पडला आणि दोरी अडकवलेली नसली, तर तीच बोट गोल फिरून पंख्यासकट त्याच्या अंगावर येऊ शकते.

## ४. उभा ओंडका

आडवा ओंडका निदान दिसतो. उभा तरंगणारा जास्त घातक, कारण त्याचं वितभर टोकच पाण्याबाहेर असतं, कधी तेवढंही नसतं. लाकूड बराच काळ पाण्यात राहिलं की ते पाणी पितं. एक टोक जड असेल, मुळांमध्ये दगड-माती अडकलेली असेल, तर ते टोक खाली जातं आणि खोड उभं राहतं.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात क्रेटर लेकमध्ये असंच एक सुमारे ९ मीटर लांबीचं खोड उभं तरंगतंय, आणि त्याची नोंद १८९६ सालापासूनची आहे. १९३८ मध्ये जुलै ते सप्टेंबर त्याच्या जागेवर लक्ष ठेवलं, तर वाऱ्यावर ते एकूण जवळजवळ १०० किलोमीटर फिरलं होतं. यावरून धडा घ्यायचा तो असा: काल जिथे ओंडका पाहिला तिथे आज तो असेलच असं नाही, आणि काल जिथे काही नव्हतं तिथे आज असू शकतो.

उभा ओंडका ओळखायचा कसा? सगळ्या लाटा पुढे सरकतात आणि एकाच जागी पाणी अडखळतं, तिथे बारीक भोवरा किंवा काळा ठिपका वरखाली होतो. पाखरू पाण्यावर बसलेलं नसून पाण्यात *उभं* असल्यासारखं दिसलं, तर त्याच्या पायाखाली लाकूड आहे किंवा तिथे पाणी उथळ आहे. दोन्हीही तुमच्यासाठी वाईट.

## ५. पंख्यात काही अडकलं तर

लक्षणं ओळखा. इंजिनाचा आवाज चढतो पण बोट पुढे जात नाही, बोट थरथरते, किंवा इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार थांबते. ही धार म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरत असल्याची खूण. प्लास्टिकची पिशवी पाणी ओढणाऱ्या जाळीवर चिकटली की धार बंद पडते आणि इंजिन तापू लागतं. धार थांबली की लगेच इंजिन बंद करा. काठापर्यंत पोचतो आणि मग बघतो, हा विचार महागात जातो.

पुढचा क्रम बदलू नका:

१. इंजिन बंद. किल्ली काढा, किल स्विचची दोरी काढा.
२. नांगर टाका.
३. गिअर न्यूट्रलला आणा, मग मोटार वर उचला.
४. हातमोजे घाला. पंखा हाताने उलट दिशेने फिरवत गुंडाळलेली दोरी किंवा गवत सोडवा. सुटत नसेल तर चाकूने थोडं थोडं कापा.
५. मोटार पाण्यात सोडा, हळू सुरू करा, धार पडते का बघा.

नुसतं शेवाळ असेल आणि धार पडत असेल तर इंजिन बंद करण्याआधी क्षणभर रिव्हर्स घेऊन पाहा, बरेचदा झडून जातं. दोरी किंवा जाळं असेल तर हा प्रयोग नको, आणखी घट्ट बसतं.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे तंगूस. मासे पकडायची ती पारदर्शक दोरी पंख्याच्या मागे दांड्याभोवती गुंडाळली जाते, बाहेरून दिसतही नाही आणि बोट चालूही राहते. एकदा माझा पंखा नुसता साफ करायला काढला, तर त्यामागे तंगुसाचं केसांच्या अंबाड्यासारखं गच्च वेटोळं निघालं. उष्णतेने वितळून ते काचेसारखं कडक झालं होतं, आणि त्याने तेलाचं सील कापलं होतं. गिअरचं तेल काढून पाहिलं तर दुधी पांढरं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. म्हणून ठरावीक दिवसांनी पंखा काढून मागे बघाच.

लहान मोटारींत बहुतेकदा शिअर पिन असते. कठीण वस्तूवर पंखा आदळला की ती तुटते आणि गिअर वाचतात. पंखा फिरेना पण इंजिन मस्त चालू, असं झालं तर आधी पिन बघा. तिच्या जागी खिळा घालू नका. खिळा तुटला नाही तर गिअर तुटतात.

आणि मगरी असलेल्या तलावात पंखा सोडवायला पाण्यात उतरू नका. वल्हवत परत या.

## ६. जलपर्णी आणि शेवाळ

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. अनुकूल पाण्यात तिचा पसारा दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. तिचे गालिचे वाऱ्याबरोबर सरकतात, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. सकाळी मोकळी असलेली खाडी दुपारी वारा फिरल्यावर बंद झालेली असते आणि बोट आत अडकते. म्हणून अरुंद खाडीत शिरताना परतीच्या तोंडाकडे वारा कुठला कचरा आणतोय ते बघा. अडकलातच तर मोटार उचला, काठीने ढकलत, वल्हवत बाहेर या. गालिच्यावर पाय देऊन उतरू नका, खाली पाणी खोल असतं.

पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा उलटल्यासारखी साय दिसली तर तिथून लांब राहा. काही नील-हरित शैवालं विषारी असतात. ते पाणी अंगावर उडू देऊ नका, बोटीतल्या कुत्र्याला पिऊ देऊ नका.

## ७. पाखरं

पाखरांशी वागताना अंतर मीटरमध्ये मोजत बसण्यापेक्षा त्यांच्याकडे बघा. खाणं थांबवून त्यांनी माना वर केल्या, एकमेकांना हाका दिल्या, घोळका एका दिशेने सरकू लागला, की तुम्ही जवळ आलात. तिथेच वेग तोडा आणि बाजूने वळा. ती उडेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

थेट घोळक्यावर कधीच जाऊ नका. समांतर, बाजूने, एकसारख्या मंद वेगाने जा. वेग सारखा कमीजास्त केला तर ती जास्त बिथरतात. बदकं आणि हंस वर्षातून एकदा उडण्याची सगळी पिसं एकदम टाकतात आणि निदान तीन-चार आठवडे त्यांना उडता येत नाही. त्या दिवसांत पाठलाग झाल्यासारखं वाटलं तर ती जिवाच्या आकांताने पाण्यावर पंख आपटत पळतात. पाणकावळ्यासारखे बुडी मारणारे पक्षी दिसले तर थांबा, ते नेमके कुठे वर येतील सांगता येत नाही.

लव्हाळी आणि पाणकणसांच्या कडेने जाताना बोटीमागे लाट उठणार नाही इतक्या वेगाने चला. तुम्हाला ती लाट किरकोळ वाटते, पण तरंगत्या घरट्यातली अंडी तेवढ्याने पाण्यात जातात.

## ८. मगर, साप आणि पोहणारे प्राणी

ओंडका प्रवाहाच्या किंवा वाऱ्याच्या दिशेनेच सरकतो. "ओंडका" वाऱ्याविरुद्ध सरकला, किंवा त्याला पुढे-मागे दोन उंचवटे दिसले, तर ती मगर समजा. हातपाय बोटीबाहेर नको, कडेवर बसणं नको, बोटीतून मासे साफ करून घाण पाण्यात टाकणं तर मुळीच नको. काठावर चिखलात घसरल्याच्या गुळगुळीत खुणा असतील तिथे बोट लावू नका. पाणघोडे असलेल्या तलावात त्यांच्या आणि खोल पाण्याच्या मध्ये बोट नेऊ नका, घाबरलेला पाणघोडा खोल पाण्याकडेच धावतो.

पोहणारा साप बोटीकडे आला तर तो बहुधा टेकायला जागा शोधत असतो. बोट हळूच बाजूला घ्या. आत चढलाच तर कोणीही उभं राहू नये. सापापेक्षा बोट उलटण्याचा धोका मोठा. तो कडेला आला की लांब वल्ह्याने बाहेरची वाट करून द्या, मारू नका. काठावर झुकलेल्या फांद्यांखालून जाणं टाळा. तिथे साप असतात आणि गांधीलमाश्यांची पोळीही.

हरणासारखा प्राणी तलाव पोहून ओलांडताना दिसला तर थांबा, आणि वळसा घ्यायचाच तर त्याच्या मागून घ्या. फोटोसाठी भोवती फिरलात तर तो दिशा बदलत राहतो आणि दमून बुडतो. त्याला बोटीत ओढून घ्यायला जाऊ नका.

## ९. कचरा उचलताना

उचलायलाच हवं: प्लास्टिक, तंगूस, जाळ्याचे तुकडे, थर्मोकोल. राहू द्या: काठाजवळचे स्थिर ओंडके. त्यांवर कासवं ऊन खातात, त्यांखाली लहान मासे राहतात. मधल्या वाटेवर आलेला मोठा ओंडका स्वतः बांधून ओढू नका, लहान बोट उलटते. जागा टिपून घ्या आणि तलावाच्या व्यवस्थापनाला कळवा.

पहिल्या वर्षी मी काठीला आकडा लावून कुजक्या गवताचा एक ढीग ओढायला गेले होते. त्यात प्लास्टिकची पट्टी अडकलेली होती, म्हणून मला तो कचराच वाटला. आकडा लागणार, तेवढ्यात ओल्या गवताखाली फिकट, मातकट रंगाचं अंडं दिसलं. ते टिबुकलीचं घरटं होतं. हा पक्षी घरटं सोडताना अंडी ओल्या गवताने झाकून जातो, म्हणून ते वरून नुसतं कुजलेलं दिसतं. टिबुकली दहा-बारा हातांवर डोकं वर काढून बघत होती. मी काठी आत घेतली आणि वल्हवत मागे सरले. थोड्या वेळाने दुर्बिणीतून पाहिलं, तर ती चढून चोचीने गवत बाजूला सारत होती. ती प्लास्टिकची पट्टी मी तशीच राहू दिली. तेव्हापासून लव्हाळ्याजवळचा कुठलाही ढीग आधी दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय मी हात लावत नाही.

तंगुसात अडकलेला पक्षी सापडला तर आता टॉवेलचं काम. डोक्यासकट पक्ष्यावर टॉवेल टाका, अंधार झाला की तो शांत होतो. बगळा असेल तर आधी चोच धरा, तो थेट डोळ्यावर मारतो. नुसता तंगूस कापून सोडून देऊ नका. उरलेला तुकडा किंवा गिळलेला गळ त्याला नंतर मारतो. हवेशीर खोक्यात ठेवून वन्यजीव मदत केंद्राला फोन करा.

## १०. धडक बसलीच तर

इंजिन बंद. माणसं मोजा. कोणाला लागलंय का ते बघा, आणि मग तळाशी पाणी येतंय का ते. भोक असेल तर टॉवेल, जादा कपडे, मिळेल ते कोंबा आणि सगळे विरुद्ध बाजूला सरका, म्हणजे भोक पाण्याच्या वर येतं. जवळचा काठ धरा, मग तो तुमचा असो वा नसो. बोट उलटली तरी तिला सोडून पोहत निघू नका. उलटी बोट शोधणाऱ्यांना दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही.

काही फुटलं नाही असं वाटलं तरी परत हळूच या. पंख्याचं पातं वाकलं असेल तर वेगात ती थरथर दांड्यापर्यंत पोचते.

## ११. परत आल्यावर

बोट, पंखा, नांगराचा दोर आणि ट्रेलरवरचं सगळं गवत काढा. बोटीतलं पाणी त्याच तलावाच्या काठी ओता आणि दुसऱ्या तलावात नेण्याआधी बोट निदान पाच दिवस कोरडी ठेवा. झेब्रा शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत, बोटीतल्या थेंबभर पाण्यातून प्रवास करतात. १९८८ मध्ये ती उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांच्या भागात सापडली आणि तिथून कितीतरी तलावांत पसरली.

मग नकाशा काढा. आज दिसलेला प्रत्येक खुंट आणि प्रत्येक घरटं त्यावर खूण करून ठेवा, शेजारी तारीख आणि धरणाच्या मोजपट्टीवरची पातळी लिहा. आज ज्या खुंटावरून बोट अलगद गेली, पाणी दोन हात उतरल्यावर तोच पंख्याच्या उंचीला आलेला असतो.